‘सेंद्रिय’ हे विशेषण कोणाचे?

काही वर्षांपूर्वी लिओं शहरात साहित्याच्या एका प्राध्यापकांच्या घरी आम्ही जेवायला होतो. टेबलावर गरम सॉसेज, उकडलेले बटाटे आणि ल प्युईच्या हिरव्या मसुरांचे सॅलड होते. यजमानांनी मोठ्या कौतुकाने एक रेड वाइन उघडली. प्याला नाकाशी नेताच गोठ्याचा वास आला. तोही मंद नव्हे, चांगला दारात उभे राहिल्यासारखा. आम्ही काही बोलणार एवढ्यात यजमान म्हणाले, ‘ही बायो आहे.’ टेबलाभोवतीच्या माना डोलल्या. कोणी वाइनला प्रामाणिक म्हटले, कोणी मातीशी इमान राखणारी म्हटले. आम्हीही मागे राहिलो नाही. ‘निर्भेळ’ असा शब्द आम्ही पुरवला. जेवण संपले तेव्हा बाटली अर्धी भरलेली होती आणि ती संपवण्याची इच्छा कोणालाच नव्हती.

त्या रात्री परतताना आम्हांला स्वतःचीच लाज वाटली. ज्या कवितेची भूमिका योग्य असते तिच्या ढिलाईकडे काणाडोळा करणाऱ्या समीक्षकांवर आम्ही वर्षानुवर्षे टीका करीत आलो आहोत. ‘बांधिलकी’ हा शब्द उच्चारला की वाचणे थांबते आणि मान डोलू लागते, हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे. तेच आम्ही टेबलावर केले. पुढे फ्रान्समधील सेंद्रिय शेतीच्या रेड वाइन निवडण्याबद्दल, आणि त्या कोणत्या जेवणाबरोबर घ्याव्यात याबद्दल, मित्रांनी व विद्यार्थ्यांनी विचारले की ती अर्धी बाटली आम्हांला आठवते. या लेखात आमचे म्हणणे एकच आहे. ‘सेंद्रिय’ हे विशेषण मळ्याचे आहे, मळ्यात राबणाऱ्या माणसाचे आहे. प्याल्यातल्या वाइनचे नाही. ते महत्त्वाचे आहे म्हणूनच त्याला चवीची हमी देण्याच्या कामाला जुंपू नये.

प्रथम त्या विशेषणाचा कायदेशीर अर्थ पाहू. फ्रान्समध्ये ‘आग्रिक्युल्त्यूर बिओलॉजिक’ या शब्दांच्या आद्याक्षरांचे ‘एबी’ हे चिन्ह 1985पासून आहे. बाटलीच्या मागच्या बाजूस हिरव्या पार्श्वभूमीवर ताऱ्यांनी रेखलेले पान दिसते, ते युरोपीय संघाचे चिन्ह. मळ्याला हे प्रमाणपत्र मिळण्याआधी तीन वर्षे सेंद्रिय नियमांप्रमाणे शेती करावी लागते. या काळात खर्च सेंद्रिय शेतीचा होतो आणि भाव मात्र साध्या वाइनचा मिळतो. गंमत अशी की 2012पर्यंत युरोपच्या कायद्यात ‘सेंद्रिय वाइन’ असा पदार्थच नव्हता. बाटलीवर फक्त ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ एवढेच लिहिता येत असे. नियम होते ते वेलीचे. तळघरात काय चालते याविषयी ते गप्प होते. 2012च्या ऑगस्टपासून तळघरालाही नियम लागू झाले आणि मगच ‘सेंद्रिय वाइन’ हा शब्दप्रयोग अधिकृत झाला.

तळघराचे हे नियम वाटतात तितके कडक नाहीत. गोडवा नसलेल्या साध्या रेड वाइनमध्ये सल्फाइटची मर्यादा लिटरमागे 150 मिलिग्रॅम आहे, सेंद्रिय वाइनमध्ये 100. म्हणजे सल्फाइट कमी, पण आहेच. तसे ते किण्वनात यीस्ट स्वतःही थोडेफार तयार करते. बाजारातून आणलेले निवडक यीस्ट घालणे, वाइन गाळणे, स्वच्छ करणे, हेही सेंद्रिय नियमांत बसते. अमेरिकेत मात्र बाहेरून सल्फाइट घातलेल्या वाइनला ‘सेंद्रिय’ म्हणता येत नाही; तिथे ती ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली’ ठरते. म्हणजे बाटली तीच, द्राक्षे तीच, आणि अटलांटिक ओलांडताना विशेषण एका नामावरून उठून दुसऱ्या नामावर जाऊन बसते. व्याकरण शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण जपून ठेवण्याजोगे आहे.

दुकानात उभे राहिले की आणखी काही चिन्हे डोळ्यांसमोर येतात आणि घोटाळा होतो. ‘आपेलासियों’ म्हणजे प्रदेशनाम. ही व्यवस्था 1935 साली कायद्याने उभी राहिली. ती वाइन कुठली, कोणत्या द्राक्षांची आणि साधारण कोणत्या रीतीची हे सांगते, पण मळ्यात काय फवारले हे सांगत नाही. ‘एचव्हीई’ हे पर्यावरणविषयक चिन्ह अनेक बाटल्यांवर असते. त्याला सेंद्रिय समजू नये, कारण त्यात रासायनिक फवारणीला बंदी नाही. ‘देमेतेर’ आणि ‘बिओदिव्हँ’ ही चिन्हे जैवगतिक, म्हणजे बायोडायनॅमिक, शेतीची आहेत. रुडॉल्फ स्टायनर यांच्या 1924च्या व्याख्यानांतून ही पद्धत निघाली. तिच्यात गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात आणि मग पाण्यात ढवळून मळ्यावर शिंपडतात. आपल्याकडच्या वाचकाला यात शेणाचे नवल वाटणार नाही, शिंगाचे वाटेल. आणि 2020 साली मान्यता मिळालेले ‘व्हँ मेतोद नात्यूर’ हे चिन्ह सर्वांत कडक आहे. त्यासाठी द्राक्षे प्रमाणित सेंद्रिय, तोडणी हाताने, यीस्ट द्राक्षांबरोबर आलेलेच, आणि सल्फाइट घातलाच तर एकूण लिटरमागे 30 मिलिग्रॅमपर्यंत, अशा अटी आहेत.

आता या विशेषणाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज. सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही, असे अनेक सुशिक्षित माणसे समजतात. वस्तुस्थिती वेगळी आहे आणि तिचा इतिहास मजेदार आहे. 1878च्या सुमारास अमेरिकेतून केवडा हा रोग फ्रान्सच्या मळ्यांत शिरला. आपले द्राक्ष बागायतदार ज्याला ‘डाउनी’ म्हणतात तोच हा. 1882 साली वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे यांना बोर्दोजवळच्या मेदोक भागात असे दिसले की रस्त्याकडेच्या वेलींची पाने हिरवी टवटवीत आहेत आणि आतल्या वेलींची झडून गेली आहेत. वाटसरूंनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून मळेवाल्यांनी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी मारले होते. चोरांना भिवविण्यासाठी केलेली युक्ती रोगावर औषध निघाली. 1885मध्ये मियार्दे यांनी ती प्रसिद्ध केली. नाशिक-सांगलीच्या बागांत ‘बोर्डो’ या नावाने आजही फवारले जाते ते हेच मिश्रण. फ्रेंच गावाचे नाव इतक्या सहजपणे मराठी शेतकऱ्याच्या तोंडी बसल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला आठवत नाही.

सेंद्रिय मळ्याचा मुख्य आधारही हाच मोरचूद आहे, कारण तो कारखान्यात रचलेल्या नव्या रेणूंच्या यादीत येत नाही. पण तांबे जमिनीत विरघळून नाहीसे होत नाही. साचत जाते आणि गांडुळांना व मातीतील सूक्ष्म जीवांना ते मानवत नाही. म्हणून युरोपीय संघाने 2019पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली, म्हणजे वर्षाला सरासरी चार किलो. पावसाळी वर्षी ही मर्यादा फास बनते. पोयाक गावच्या शातो पोंते-काने या नामांकित मळ्याने 2004पासून जैवगतिक शेती सुरू केली; 2007 साली केवड्याने असा घाला घातला की त्यांना रासायनिक फवारणी करावी लागली आणि प्रमाणपत्राचा प्रवास पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. प्रमाणपत्र मिळाले ते 2010मध्ये. आम्हांला हे उदाहरण उपदेशपर कथांपेक्षा मोलाचे वाटते. शब्द पाळणे किती महाग पडते हे त्यावरून कळते.

यावरून ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की एकाच विशेषणाचे वजन सगळीकडे सारखे नसते. भूमध्य समुद्राकाठी, लांगदॉक, प्रोव्हान्स आणि दक्षिण रोन भागात उन्हाळा कोरडा असतो, मिस्त्राल नावाचा वारा पाने वाळवून जातो आणि बुरशीला थारा मिळत नाही. तिथे सेंद्रिय शेती तुलनेने सोपी. अटलांटिकच्या दमट हवेतल्या बोर्दोमध्ये किंवा लुआर नदीच्या खोऱ्यात तेच वचन पाळायला मळेवाल्याला कितीतरी अधिक वेळा मळ्यात जावे लागते, ट्रॅक्टरचे डिझेल जाळावे लागते, कधी अर्धे पीक गमवावे लागते. शातोनफ-द्यु-पाप येथील शातो द बोकास्तेल गेल्या शतकाच्या मध्यापासून सेंद्रिय शेती करते, तर पोयाकच्या शातो लातूरला प्रमाणपत्र मिळायला 2018 साल उजाडले. यात एकाची निष्ठा मोठी आणि दुसऱ्याची छोटी असे नाही. दोघांचे आभाळ वेगळे आहे. म्हणून दुकानात पाहताना आम्ही पानाच्या चिन्हाबरोबर प्रदेशाचे नावही वाचतो. लांगदॉकची स्वस्त सेंद्रिय वाइन ही दररोजच्या जेवणाला सर्वांत सोयीची. बोर्दोच्या सेंद्रिय वाइनला चार पैसे जास्त पडले तर त्यातले काही पैसे पावसाचे आहेत असे समजावे.

मग हे सगळे कोणासाठी? पिणारा म्हणतो, माझ्या प्रकृतीसाठी. हा समज आम्हांला आत्मकेंद्री वाटतो. दोन प्याले पिणाऱ्याच्या प्रकृतीला वाइनमधला सर्वांत मोठा धोका अल्कोहोलचाच असतो, आणि तो सेंद्रिय वाइनमध्ये तेवढाच असतो. खरा फरक पडतो तो मळ्यात. फ्रान्सच्या शेतजमिनीत द्राक्षमळ्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी, पण देशात वापरल्या जाणाऱ्या कीड-रोगनाशकांतला त्यांचा वाटा त्याच्या कितीतरी पट राहिला आहे. 2012 साली फ्रेंच सरकारने कीटकनाशकांशी संबंधित पार्किन्सन हा शेतकऱ्यांचा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला. 2015मध्ये लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगाची त्यात भर पडली. पाठीवर पंप घेऊन फिरणारा मजूर आणि शेजारच्या शाळेच्या अंगणात खेळणारी मुले यांच्या श्वासाशी ‘सेंद्रिय’ या शब्दाचा संबंध आहे. आमच्या प्याल्याशी त्याचा संबंध दूरचा आहे.

हा शब्द उच्चारणे कधी कायद्याच्याही आड येते. बुर्गोन्य प्रांतात 2013 साली वेली पिवळ्या पाडणाऱ्या फ्लाव्हेसॉंस दोरे या रोगाविरुद्ध मळ्यांना कीटकनाशक फवारण्याचा सरकारी हुकूम निघाला. रोग पसरवतात ते तुडतुडे. बोन गावाजवळचे जैवगतिक मळेवाले एमान्युएल जिबुलो यांनी फवारणीस नकार दिला. सेंद्रिय शेतीला चालणारे वनस्पतिजन्य औषध उपलब्ध होते, पण तेही बाकीच्या उपयोगी किडींना मारते आणि आपल्या मळ्यात रोग नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एप्रिल 2014मध्ये त्यांना दंड झाला. डिसेंबरात दिजोंच्या वरिष्ठ न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. शेजारचे सेंद्रिय मळेवालेही या प्रश्नावर एकमताचे नव्हते, कारण एकाच्या मळ्यातला तुडतुडा कुंपण मानत नाही. जिबुलो बरोबर होते की चूक, हा निकाल आम्ही देणार नाही. पण ज्या शब्दासाठी माणूस कोर्टात उभा राहतो तो शब्द जेवणाच्या टेबलावर नुसता मान डोलवण्यासाठी वापरणे हा त्या माणसाचा अपमान आहे, एवढे आम्हांला नक्की वाटते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना येथे रोलाँ बार्थ आठवतील. 1957च्या ‘मिथॉलॉजी’मध्ये वाइन आणि दूध यांच्यावर त्यांचा एक छोटा लेख आहे. वाइन हे फ्रेंच राष्ट्राचे कुलचिन्ह कसे झाले, ती पिणे ही नागरिकत्वाची खूण कशी ठरली, हे रंगवून सांगितल्यावर शेवटी ते वाचकाला अल्जीरियात नेतात. ज्या मुसलमान शेतकऱ्यांच्या हातून जमिनी गेल्या आणि ज्यांना भाकरीची गरज होती, त्यांच्या भूमीवर वसाहतवाल्यांनी द्राक्षे लावली, याची ते आठवण देतात. सुंदर मिथकामागे कोणाची तरी जमीन आणि कोणाचे तरी श्रम असतात, हा त्या लेखाचा मथितार्थ. ‘सेंद्रिय’ हे आपल्या काळाचे तसेच मिथक होऊ पाहत आहे. सेंद्रिय नियमांत मजुरी, निवारा, कामाचे तास यांविषयी काहीही नाही. 2023च्या शाँपान प्रांतातील तोडणीत हंगामी मजुरांना ज्या अवस्थेत ठेवले गेले त्याबद्दल 2025 साली तिथल्या न्यायालयाने तिघांना मानवी तस्करीसाठी दोषी ठरवले. हिरवे पान अशा प्रश्नाचे उत्तर देत नाही. त्याला तो प्रश्न विचारलेलाच नसतो. विशेषणाचा मान राखायचा तर त्याची हद्दही ओळखली पाहिजे.

आता जेवणाकडे वळू. येथे सेंद्रियता आपल्याला मदत करत नाही. जीभ करते, आणि थोडे रसायनशास्त्र. रेड वाइनचा तुरटपणा द्राक्षांच्या साली-बियांतल्या टॅनिनमुळे येतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते, म्हणून तोंड कोरडे पडते. ताटात मांस, चरबी, चीज असेल तर ती धार बोथट होते, मीठही तिला नरम करते. उलट गोड पदार्थापुढे वाइन आंबट आणि कडू लागते, तिखटापुढे टॅनिन व अल्कोहोल दोन्ही जाळू लागतात. माशाबरोबर रेड वाइन नको हा जुना नियम निव्वळ अंधश्रद्धा नाही; वाइनमधील लोहामुळे माशाचा हिंवस वास तोंडात वाढतो, असे 2009 साली जपानी संशोधकांनी दाखवले. म्हणून ज्या वाइनमध्ये लोह कमी तिच्याशी मासा जुळूही शकतो. नियम मोडता येतात. ते कशासाठी होते हे ठाऊक असले म्हणजे झाले.

प्रदेशाप्रमाणे पाहिले तर निवड सोपी होते, कारण फ्रान्सच्या बहुतेक भागांत वाइन आणि स्वयंपाक एकमेकांशेजारी वाढले आहेत. लिओंच्या उत्तरेला बोजोले. तिथले गामे हे द्राक्ष टॅनिनमध्ये सौम्य, आंबटपणात तरतरीत. मोर्गों गावचे मार्सेल लापिएर यांनी 1980च्या दशकाच्या आरंभी, रसायनज्ञ ज्यूल शोव्हे यांच्या प्रभावाखाली, तणनाशके सोडली आणि सल्फाइट जवळजवळ वर्ज्य केला. आज ‘नैसर्गिक वाइन’ म्हणून जे चालते त्याची एक मुख्य वाट तिथून निघाली. ही वाइन थोडी थंड, 13-14 अंशांवर, सॉसेज, मसूर, बटाटे, भाजलेली कोंबडी यांच्याबरोबर घ्यावी. लुआरच्या खोऱ्यातील शिनों आणि बुर्गय येथे काबेर्ने फ्राँ हे द्राक्ष पिकते. त्याला हिरव्या पाल्याची आणि ढोबळ्या मिरचीची छटा असते. तिच्याबरोबर त्याच भागातले बकरीच्या दुधाचे सेंत-मोर चीज, भाज्यांची भाजी किंवा डुकराच्या मांसाचे रियेत जुळते. शाकाहारी पाहुण्यांसाठी आम्ही बहुधा याच दोन प्रदेशांकडे वळतो.

बुर्गोन्यचे पिनो न्वार हे पातळ सालीचे द्राक्ष. रंग फिका, वास दूरवर जाणारा. रेड वाइनमध्ये मंद आचेवर शिजवलेले तिथले गोमांस, कोंबडी, रानातली अळंबी, हे त्याचे सोबती. येथील किमती मात्र प्राध्यापकाच्या पगाराला पेलणाऱ्या नाहीत. गावाचे नाव नसलेली, नुसती ‘बुर्गोन्य’ लिहिलेली सेंद्रिय बाटली हा मधला मार्ग. उत्तर रोनमधील सें-जोझेफ, क्रोझ-एर्मिताज किंवा कोर्नास यांच्या सिरा द्राक्षात मिरीचा वास असतो, म्हणून भाजलेल्या कोकराला ती जवळची. दक्षिणेस बाँदोलमध्ये मूर्व्हेद्र हे दाट, उशिरा पिकणारे द्राक्ष निम्म्याहून कमी चालत नाही आणि वाइन निदान दीड वर्ष लाकडात राहते. संत्र्याची साल व रानातल्या वनस्पती घालून तासन्‌तास शिजवलेल्या दोबपुढे ती उभी राहते. नैऋत्येकडील काओरचे मालबेक आणि मादिराँचे ताना यांचे टॅनिन इतके दणकट की बदकाच्या चरबीत शिजलेल्या कासुलेशिवाय त्यांना वाटाड्या मिळत नाही. एकटी घेतली तर ही वाइन भांडते. पांढरा घेवडा, सॉसेज आणि बदक समोर आले की ती शहाणी होते.

पण हा नकाशा फ्रेंच ताटाचा आहे. आपल्या घरी मटणाचा तांबडा रस्सा असेल तर काओरची बाटली उघडू नये. तिखटावर टॅनिनचे तेल ओतल्यासारखे होईल. अशा वेळी गामे किंवा हलके ग्रनाश थंड करून घ्यावे, नाही तर वाइनचा हट्टच सोडावा. परदेशी स्वयंपाकाच्या पुस्तकातली जोडी तशीच्या तशी उचलणे हे समीक्षेची परदेशी परिभाषा तशीच्या तशी उचलण्यासारखे आहे. ती चूक आम्ही तरुणपणी दोन्ही क्षेत्रांत केली आहे.

राहिला प्रश्न शब्दांचा, आणि तोच आमच्या व्यवसायाचा. भाषाशास्त्रज्ञ एड्रिएन लेरर यांनी 1983च्या आपल्या पुस्तकात वाइन पिणाऱ्यांची बोलणी तपासली आणि एकच शब्द वापरणारी माणसे एकच गोष्ट सांगत असतात असे नव्हे, हे दाखवून दिले. 2001 साली मोरो, ब्रोशे आणि द्यूबुर्दिय या संशोधकांनी बोर्दोत 54 विद्यार्थ्यांना एक व्हाइट वाइन दिली आणि पुढे तीच वाइन, वास नसलेला लाल रंग घालून दिली. विद्यार्थ्यांनी रंगवलेल्या वाइनचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. हे विद्यार्थी वाइनशास्त्राचेच होते. डोळ्यांनी जिभेला काय म्हणायचे ते सांगितले. रंगाने जे होते ते लेबलाने होणार नाही असे मानण्यास काही आधार नाही. ‘बायो’ हा शब्द ऐकताच आम्हांला गोठ्यात मातीचा सुगंध आला, तो असाच. वास्तविक तो ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा प्रताप होता. सल्फाइट कमी आणि तळघरातली स्वच्छताही कमी असली की ते माजते. उत्तम सेंद्रिय मळेवाले त्याच्यापासून जिवापाड जपतात. म्हणजे आमच्या त्या स्तुतीने त्यांच्या कष्टांवर पाणी पडले. चांगले काम आणि हयगय यांना आम्ही एकाच शब्दात बसवले.

म्हणून आता आम्ही एक साधी रीत पाळतो. बाटली दुकानात निवडताना लेबल वाचतो आणि तिथे सेंद्रिय पानाला, जैवगतिक चिन्हाला, प्रदेशाच्या हवामानाला पूर्ण वजन देतो. पैसे कोणत्या शेतीला द्यायचे हा नागरिकाचा निर्णय आहे आणि तो डोळे उघडे ठेवून घ्यावा. टेबलावर मात्र बाटलीला कागद गुंडाळतो. आधी प्यायचे, खायचे, बोलायचे. मग कागद काढायचा. दोन निवाडे वेगवेगळ्या वहीत लिहावेत, एकाची उधारी दुसऱ्याने फेडू नये. चांगल्या शेतीची वाइन बेचव निघाली तर तसे म्हणावे आणि पुढच्या वेळी चांगल्या शेतीचीच दुसरी बाटली घ्यावी. फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा या दशकात सेंद्रिय झाला किंवा त्या वाटेवर आला आहे. निवडीला वाव आहे, दया दाखवण्याची गरज उरलेली नाही.

कोणी म्हणेल, जेवणाच्या टेबलावर एवढा काटेकोरपणा कशाला? यजमानांचे मन राखणे हीदेखील सभ्यता आहे. हे आम्हांला मान्य आहे, आणि त्या रात्री वाइन वाईट आहे असे जाहीर करायला हवे होते असे आमचे म्हणणे नाही. गप्प बसता आले असते. मसूर फार छान झाले आहेत, हेही खरेच होते आणि सांगता आले असते. न सोसवणाऱ्या चवीला ‘निर्भेळ’ हे विशेषण देण्याची सक्ती कोणी केली नव्हती. ते आम्ही आपणहून दिले. ज्यांनी तीन वर्षे कमी भावात काढली, पावसात मोरचुदाचा हिशेब ठेवला, शेजाऱ्यांच्या नजरा सोसल्या, त्यांना आमच्याकडून एवढीच अपेक्षा असावी की त्यांची वाइन आम्ही खरोखर चाखावी. लेखकाचीही वाचकाकडून याहून वेगळी अपेक्षा नसते.